दारात येणारा रतीब : यूट्यूबचे चॅनेल कसे निवडायचे, कसे बंद करायचे

दुपारची भांडी आवरली असतील. कुणी निवडायला ज्वारी घेऊन बसली असेल, कुणी बांधावर रेडिओ लावून खुरपत असेल. जिथं असाल तिथून ऐका. आज पाककृती नाही आणि बचत गटाचा हिशेबही नाही. आज बोलायचं आहे ते आपल्या फोनमधल्या यूट्यूबबद्दल, आणि त्यातही एकाच गोष्टीबद्दल. "चॅनेल सबस्क्राइब करा, घंटा दाबा" असं जो तो सांगत असतो. ते केल्यावर पुढं काय होतं, आणि नको असेल तर ते बंद कसं करायचं?

आधी घरातली गोष्ट सांगते. आत्यांची परवानगी घेतली आहे. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, वय 68. साखरेची गोळी 9 वर्षं चालू. दोन वर्षांपूर्वी नातवानं त्यांना आपला जुना फोन दिला. पहाटे आंघोळ झाली की त्या अभंग लावायच्या. त्यातल्या एका चॅनेलवर सारखं म्हणायचे, सबस्क्राइब करा. आत्यांनी नातवाला विचारलं, "अरे, एवढा विनवतोय तो, काय करू?" तो म्हणाला, "दाब की आजी, फुकट आहे." आत्यांनी बटण दाबलं, घंटाही दाबली.

वर्षभर सगळं ठीक होतं. मग त्याच चॅनेलवरून वेगळे व्हिडिओ यायला लागले. साखर 15 दिवसांत मुळापासून घालवा. गोळ्या फेकून द्या. आत्यांना वाटलं, पहाटे देवाचं नाव ऐकवणारी माणसं खोटं कशाला सांगतील? त्यांनी कुणाला न सांगता रात्रीची गोळी सोडली आणि काढा सुरू केला. दीड महिन्यानं पायाच्या बोटाची जखम भरेना, तेव्हा आरोग्य केंद्रात नेलं. साखर 340 निघाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, गोळ्या घेताय ना?" आत्यांनी मान खाली घातली.

घरी आल्यावर त्या मला म्हणाल्या, "अगं, मी काय शोधायला गेले होते का? तो रोज आपणहून दारात यायचा."

मैत्रिणींनो, सबस्क्राइब म्हणजे काय, ते आत्यांनी त्या एका वाक्यात सांगितलं. सबस्क्राइब करणं म्हणजे रतीब लावणं. दूधवाल्याला एकदा सांगितलं की तो रोज दारात येतो, रोज बोलवावं लागत नाही. पण नको असेल तेव्हा आपणच त्याला सांगावं लागतं, "उद्यापासून नको." सांगितलं नाही तर तो येतच राहतो. आणि दुधात पाणी मिसळायला लागला, तरी ते ओळखायचं काम आपलंच असतं.

आता शब्द नीट समजून घेऊ. यूट्यूबवर कुणीही माणूस किंवा संस्था आपले व्हिडिओ टाकते, त्या जागेला चॅनेल म्हणतात. 'सबस्क्राइब' दाबलं की तो चॅनेल आपल्या यादीत येतो. याला पैसे पडत नाहीत. फोन मराठीत असेल, तर याच बटणासाठी 'सदस्यत्व' असा शब्द दिसेल. त्यालाही घाबरू नका, तेही फुकटच.

त्याच्या शेजारी घंटेचं चित्र येतं. ही घंटा वेगळी गोष्ट आहे. सबस्क्राइब केल्यावर चॅनेल यादीत बसतो. घंटा दाबली की नवीन व्हिडिओ आल्यावर फोनवर निरोप येतो. घंटेला तीन पर्याय असतात : सगळे निरोप, निवडक निरोप आणि एकही नको. म्हणजे चॅनेल ठेवायचा पण त्याची कटकट नको, असं करता येतं. स्वयंपाकाचा चॅनेल आवडतो, पण दुपारी झोपेत फोन वाजायला नको? घंटा बंद करा, चॅनेल राहू द्या.

तिसरं बटण 'जॉइन'. हे सगळ्या चॅनेलवर नसतं. पण जिथं असतं तिथं लक्ष द्या, कारण हे पैशाचं आहे. जॉइन केलं की दर महिन्याला ठरलेली रक्कम जाते. 'प्रीमियम' हे आणखी वेगळं. त्यात जाहिराती न येण्यासाठी यूट्यूबलाच पैसे द्यायचे असतात. सबस्क्राइब फुकट, जॉइन आणि प्रीमियम पैशाचं. एवढं लक्षात राहिलं, तरी आजचं ऐकणं वाया गेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, फुकट आहे तर ही माणसं एवढी हात जोडून का सांगतात? त्यामागं हिशेब आहे. जाहिरातीच्या पैशात वाटा मिळायला चॅनेलकडे किमान 1,000 सबस्क्रायबर लागतात. शिवाय गेल्या 12 महिन्यांत लोकांनी त्यांचे व्हिडिओ मिळून 4,000 तास पाहिलेले असावे लागतात, किंवा 90 दिवसांत छोटे शॉर्ट्स व्हिडिओ 1 कोटी वेळा पाहिलेले असावे लागतात. 1 लाख सबस्क्रायबर झाले की चंदेरी बटणाचं मानचिन्ह मिळतं, 10 लाखांना सोनेरी. म्हणजे आपलं एक बोट हे त्यांचं भांडवल आहे. यात वाईट काही नाही. आपल्या कितीतरी बायका याच रस्त्यानं कमवायला लागल्या आहेत. फक्त एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. चंदेरी बटण गर्दीचं आहे, खरेपणाचं नाही. नावापुढची बरोबरची खूणसुद्धा एवढंच सांगते, की हा चॅनेल त्याच माणसाचा किंवा संस्थेचा आहे. तो सांगतोय ते खरं आहे, असं ती खूण सांगत नाही.

मग आत्यांच्या चॅनेलचं झालं काय? अभंगाचा चॅनेल साखरेवर कसा बोलायला लागला? आपलं सदस्यत्व चॅनेलला चिकटलेलं असतं, त्याच्या नावाला नाही. मालक नाव बदलू शकतो, चित्र बदलू शकतो, विषयही बदलू शकतो. आपण मात्र यादीत तसेच राहतो. काही वेळा चॅनेल चोरीलाही जातो. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांचा 'आपली आजी' हा स्वयंपाकाचा चॅनेल तुमच्यापैकी कितीतरी जणींनी पाहिला असेल. 2020 मध्ये तो कुणीतरी हॅक केला होता. सुदैवानं तो त्यांना परत मिळाला. सगळ्यांचा मिळतोच असं नाही. म्हणून यादीत एखादं अनोळखी नाव दिसलं, तर "मी हे कधी केलं?" म्हणून स्वतःला दोष देऊ नका. तुम्ही सबस्क्राइब केलं तेव्हा नाव दुसरं असेल.

आमच्या नातवानं ते शोधून काढलं. चॅनेलच्या पानावर व्हिडिओंच्या यादीत सगळ्यात जुने आधी लावण्याची सोय असते. तसं लावल्यावर खाली दडलेले अभंग वर आले. चॅनेलच्या माहितीत तो कधी सुरू झाला ती तारीखही असते. शंका आली की या दोन गोष्टी बघा. आधी एक आणि आता भलतंच असेल, तर तो रतीब बंद करायची वेळ झाली.

आता प्रत्यक्ष काम. जमलं तर फोन हातात घ्या, नाहीतर कागदावर लिहून ठेवा. यूट्यूब उघडा. तळाला एक पट्टी दिसते. तिच्यात होम असतं, शॉर्ट्स असतं आणि 'सबस्क्रिप्शन्स' असतं. ते दाबा. वर गोल गोल चित्रांची रांग येते. ते आपले चॅनेल. रांगेच्या शेवटी 'सर्व' असं लिहिलेलं असतं. ते दाबलं की अख्खी यादी उघडते.

आता ही यादी वाचा. खरंच वाचा, डब्यातलं धान्य ऊन दाखवताना बघतो तसं. आमच्या आत्यांच्या फोनवर 112 चॅनेल निघाले. त्यांना आठवत होते 6. बाकीचे कुणी केले? काही नातवानं, काही शेजारच्या पोरानं, काही चुकून बोट लागून.

प्रत्येक नावापाशी थांबून चार प्रश्न विचारा. एक, हा कोण आहे ते मला माहीत आहे का? दोन, गेल्या महिन्यात मी याचं काही पाहिलं का? तीन, यानं सांगितलेल्या गोष्टीचा मला उपयोग झाला का, किंवा निदान मन रमलं का? चार, हा मला घाबरवतो का, काहीतरी विकत घ्यायला लावतो का, औषध बंद करायला सांगतो का? पहिल्या तीन प्रश्नांना "नाही" आलं, तर चॅनेल काढा. चौथ्याला "हो" आलं, तर बाकीचं काही न बघता काढा.

काढायचा कसा? नावावर दाबा, चॅनेलचं पान उघडेल. जिथं पूर्वी 'सबस्क्राइब' होतं, तिथं आता 'सबस्क्राइब्ड' किंवा घंटेचं चित्र दिसेल. ते दाबा. घंटेचे तीन पर्याय येतील आणि त्यांच्या खाली 'अनसबस्क्राइब' असेल, म्हणजे सदस्यत्व रद्द करा. ते दाबलं की झालं. चुकून चांगला चॅनेल निघाला तरी काळजी नको, पुन्हा सबस्क्राइब करता येतो. अ‍ॅपमध्ये अधूनमधून बटणांच्या जागा बदलतात. म्हणून जागा पाठ करू नका, शब्द पाठ करा.

इथं एक जण हमखास विचारते, "अहो ताई, भावकीतल्या मुलीचा रांगोळीचा चॅनेल आहे. मी काढला तर तिला कळेल ना?" नाही कळत. अमक्या काकूंनी सदस्यत्व सोडलं, असा निरोप चॅनेलवालीला जात नाही. तिला फक्त आकडा दिसतो. पण माझं विचाराल तर तो ठेवा. घंटा तेवढी बंद करा. नातंही राहील आणि झोपही.

एका दिवशी सगळी यादी साफ करायला जाऊ नका, कंटाळा येईल. रोज 10 नावं बघा. आत्यांची यादी दोन आठवड्यांत संपली.

पण एवढ्यानं भागत नाही. चॅनेल काढला तरी त्याचे व्हिडिओ समोर येऊ शकतात, कारण होमचं पान फक्त आपल्या यादीवर चालत नाही. आपण काय पाहिलं, किती वेळ पाहिलं, काय शोधलं, यावरून यूट्यूब नवीन व्हिडिओ समोर ठेवतं. यादी म्हणजे आपण लावलेला रतीब आणि होम म्हणजे बाजारातली गाडी. काल तुम्ही वांगी बघितलीत, म्हणून आज गाडीवाला वांगीच पुढं करतो.

त्यालाही सांगता येतं. नको असलेल्या व्हिडिओशेजारी तीन ठिपके असतात. ते दाबा. 'रस नाही' असा एक पर्याय येतो, तो त्या व्हिडिओपुरता. 'हा चॅनेल सुचवू नका' असा दुसरा येतो, तो त्या अख्ख्या चॅनेलसाठी. आत्यांच्या फोनवर आम्ही हा दुसरा पर्याय चार-पाच वेळा दाबला. शिवाय खालच्या पट्टीत 'तुम्ही' किंवा आपलं चित्र असतं, तिथं पाहिलेल्या व्हिडिओंची यादी म्हणजे हिस्टरी मिळते. नको ते व्हिडिओ तिथूनही तीन ठिपके दाबून काढले. आठवडाभरात पानावर पुन्हा अभंग दिसायला लागले.

आता फोन अनेक हातांत फिरतो, त्याबद्दल. आपल्याकडे एकच फोन. सकाळी सासू, दुपारी सून, संध्याकाळी पोरं. सगळ्यांचं पाहिलेलं एकाच खात्यावर जमा होतं. मग अभंगानंतर कार्टून आणि कार्टूननंतर मारामारीचा गेम. घरात दोन-तीन गुगल खाती असतील, तर ज्याचं त्याचं वेगळं लावा. ते नसेल तर शेजारचं कुणी "जरा फोन द्या" म्हणालं, की 'तुम्ही'च्या पानावरून इन्कॉग्निटो चालू करून द्या. तोवर पाहिलेलं आपल्या खात्यात जमा होत नाही.

लहान मुलांसाठी मात्र इन्कॉग्निटो वापरू नका. त्यांच्यासाठी यूट्यूब किड्स नावाचं वेगळं अ‍ॅप आहे. त्यात वेळ लावून ठेवता येते, वेळ संपली की अ‍ॅप थांबतं. आणि त्यात एक फार चांगली सोय आहे. आपण मंजूर केलेले चॅनेल आणि व्हिडिओ तेवढेच मुलाला दिसतील, असं ठरवता येतं. थोडा वेळ बसून निवडावं लागतं, हे खरं. पण पोराच्या ताटात काय वाढायचं ते आपण ठरवतो ना, मग हेही आपणच ठरवायचं.

आता पैशाचं. घरात कुणी जॉइन किंवा प्रीमियम घेतलं असेल, तर पैसे महिन्याच्या महिन्याला आपोआप कापले जातात. अनेकदा सुरुवातीला काही दिवस फुकट असतं. मुलं 'फुकट' वाचून दाबतात. मुदत संपली की पैसे सुरू होतात. पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी निरोप आला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो निरोप इंग्रजीत येतो आणि आपण वाचत नाही. यापुढं वाचा, नाहीतर कुणाकडून वाचून घ्या. 15,000 रुपयांपर्यंतच्या अशा आपोआप हप्त्याला पहिल्यांदा मंजुरी दिली, की दर महिन्याला पुन्हा पिन विचारत नाहीत. म्हणून पहिली मंजुरी देताना थांबायचं.

बंद करायचं असेल तर दोन जागा बघा. ज्या अ‍ॅपवरून आपण पैसे पाठवतो, त्यात 'ऑटोपे' नावाचा कप्पा असतो. कुठले हप्ते चालू आहेत ते तिथं दिसतं आणि तिथून रद्दही करता येतं. दुसरी जागा प्ले स्टोअर. त्यात आपल्या चित्रावर दाबून 'पेमेंट्स आणि सदस्यत्वे' उघडा. आणि हे नीट ऐका : अ‍ॅप फोनमधून काढून टाकलं, म्हणजे हप्ता बंद होत नाही. दूधवाल्याला न सांगता दाराला कुलूप लावून गेलं, तरी महिनाअखेरीला बिल येतंच.

शेवटचं, आणि सगळ्यात सावध राहायचं. "घरबसल्या काम, फक्त चॅनेल लाईक आणि सबस्क्राइब करा, प्रत्येकाचे 50 रुपये", असे निरोप बायकांना येतात. पहिल्या दिवशी खरंच 150 रुपये येतात. विश्वास बसतो. मग टेलिग्रामवरच्या गटात घेतात आणि म्हणतात, मोठं काम हवं तर आधी 1,000 भरा, दुप्पट देऊ. मग 5,000. मग अडकलेले पैसे सोडवायला आणखी 20,000. यात शिकलेल्या बायकाही फसल्या आहेत. मैत्रिणींनो, सबस्क्राइब करायला कुणी पैसे देत असेल, तर ते काम नाही, गळाला लावलेलं आमिष आहे. काम मिळण्यासाठी आधी पैसे भरायचे, असं खरं काम नसतं. आणि पैसे घेण्यासाठी आपला पिन कधीच टाकावा लागत नाही. पैसे गेले असतील तर लाजून गप्प बसू नका. त्याच क्षणी 1930 या नंबरावर फोन करा. जितक्या लवकर कराल, तितकी पुढच्या खात्यातली रक्कम अडवण्याची शक्यता जास्त. घरच्यांचं बोलणं मागाहून खाऊ, आधी फोन.

आता आत्यांचं सांगून थांबते. त्यांची जखम भरायला तीन महिने लागले. बोट वाचलं. गोळ्या वेळेवर चालू आहेत. त्यांच्या यादीत आता 11 चॅनेल आहेत : अभंगाचे, भारुडाचे, विणकामाचा एक आणि त्या भावकीतल्या मुलीचा रांगोळीचा. औषधपाण्याचा एकही नाही. औषधासाठी आरोग्य केंद्र, असं त्यांनी स्वतः ठरवलं.

आम्ही त्यांना रागावलो नाही. रागवायचं कुणावर? फोन त्यांच्या हातात आम्हीच दिला होता, आणि शेजारी बसून तो समजावायला मात्र कुणाला वेळ नव्हता. आता दर एकादशीला रात्री भगर खाऊन झाली की नातू आणि आजी यादी उघडून बसतात. तो नाव वाचतो, त्या सांगतात, "ठेव" किंवा "काढ". परवा एका चॅनेलवर त्याचा हात थांबला. म्हणाला, "आजी, हा तर माझ्या गेमचा आहे." आत्या म्हणाल्या, "मग तुझ्या दारात ने. माझ्या दारात नको."

तुम्हीही आज संध्याकाळी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशेजारी बसा. त्यांचा फोन घ्या, विचारून घ्या. यादी उघडा आणि त्यांना विचारा, यातलं तुम्हाला काय हवंय? पहिली 10 नावं बघा. आणि बघता बघता हळूच हेही विचारा, की गोळ्या वेळेवर घेताय ना?

येते मैत्रिणींनो. नमस्कार.